निळा कार्बन : सातबारा कोणाच्या नावावर?

दलित समीक्षेने प्रस्थापित मराठी साहित्याला एक साधा प्रश्न विचारला होता. या लिखाणात माणूस कुठे आहे, आणि असलाच तर तो कोणता माणूस आहे? या एका प्रश्नाने अनेक थोर मानल्या गेलेल्या पुस्तकांची फेरतपासणी झाली. कोकणच्या किनाऱ्याचीच गोष्ट घ्या. माड, लाटा, चांदणे, शिडाच्या होड्या यांची वर्णने आम्ही शाळेत पाठ केली, त्यांच्यावर गुण मिळवले. परंतु ओहोटीच्या चिखलात मांडीपर्यंत रुतून चिंबोरीच्या बिळात हात घालणारी बाई त्या वर्णनांत आम्हांला भेटली नाही. ती बाई माझी आई होती, म्हणून तिची अनुपस्थिती मला लवकर कळली, एवढेच.

आज तोच किनारा पुन्हा एकदा लिहिला जात आहे. आताचे लेखक आहेत शास्त्रज्ञ, अधिकारी, सल्लागार आणि कार्बनचे व्यापारी. त्यांच्या या लिखाणाला ‘ब्लू कार्बन’, म्हणजे निळा कार्बन, असे नाव आहे. निळा हा शब्द आमच्या कानांना परका नाही. परंतु शब्द ओळखीचा आहे म्हणून त्यामागचा व्यवहारही आपला आहे, असे मानण्याचा भोळेपणा आपल्याला परवडणारा नाही. धोरण हेही एक लिखाणच असते. त्याला कर्ता असतो, कर्म असते, नायक असतो, आणि त्यातून वगळलेली माणसेही असतात. म्हणून साहित्याला विचारलेला प्रश्न या लिखाणालाही विचारावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

या लेखामागे एक प्रसंग आहे, तो आधी सांगतो. मी रायगड जिल्ह्याच्या खारपट्ट्यातला. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर मातीच्या पाट्या टाकल्या. आई ओहोटीची वेळ पाहून खाडीत उतरायची. निवट्या, कालवे, चिंबोऱ्या जे मिळेल ते विकायची आणि येताना वाळक्या तिवराची मोळी आणायची. घरात पदवी घेणारा मी पहिला. आता एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात एका संस्थेची माणसे आमच्या वाड्यावर आली. संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या जमिनीवर तिवरांची लागवड करायची, त्यातून साठणाऱ्या कार्बनचे पैसे मिळतील, त्याचा काही वाटा गावाला मिळेल, असा त्यांचा प्रस्ताव होता. सोबत इंग्रजी पुस्तिका होती आणि मराठीत संमतीपत्र होते. मास्तर घरचाच आहे, तोच समजावून सांगेल, म्हणून पुस्तिका माझ्या हातात आली. मी ती वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. शेजारच्या मावशी ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “वाच रे मास्तर, आमचं नाव कुठं हाय त्यात?” मी म्हणालो, “मावशी, ‘स्थानिक समुदाय’ असं लिहिलंय. म्हणजे आपणच.” त्या म्हणाल्या, “आपण म्हंजे कोण? वरच्या आळीचे का आमी?”

मला उत्तर देता आले नाही. पंधरा वर्षे विद्यार्थ्यांना शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या माणसाला एका साध्या शब्दाचा अर्थ सांगता आला नाही. त्या दिवशी संमतीपत्रावर कोणाची सही झाली नाही.

१

प्रथम शास्त्र समजून घेतले पाहिजे. ज्याला आपण विरोध करू किंवा ज्याच्याकडे वाटा मागू, ते आपल्याला नीट कळलेले असावे. बाबासाहेबांनी आपल्याला ही शिस्त घालून दिली आहे. आधी अभ्यास, मग आरोप.

‘ब्लू कार्बन’ ही संज्ञा रूढ झाली ती २००९ साली, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याच नावाचा अहवाल काढल्यानंतर. किनाऱ्यावरच्या तीन प्रकारच्या वनस्पतींवर तिचा मुख्य भर आहे. खाडीतली कांदळवने, खाऱ्या दलदलीतले गवत आणि उथळ समुद्राच्या तळाशी उगवणारे सागरी गवत. झाड हवेतला कर्बवायू घेते आणि त्याचे खोड, पान, मूळ बनवते. डोंगरावरच्या झाडाचे पान गळाले की ते कुजते आणि त्यातला बराचसा कर्ब पुन्हा हवेत जातो. खाडीत तसे होत नाही. भरतीच्या पाण्याखालच्या गाळात प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे पान-मूळ अतिशय हळू कुजते. तिवराची जमिनीतून वर येणारी श्वसनमुळे पाण्याबरोबर आलेला गाळ अडवतात. गाळावर गाळ बसतो आणि कर्ब त्याखाली शेकडो वर्षे दडून राहतो. २०११ साली हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातील कांदळवनांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर हेक्टरी सरासरी सुमारे १००० टन कर्ब आढळला, आणि त्यातला मोठा भाग झाडात नसून पायाखालच्या चिखलात होता. एक टन कर्ब हवेत गेला तर त्याचा सुमारे ३.६७ टन कर्बवायू होतो. म्हणजे खाडी बुजवणारा बिल्डर नुसती झाडे तोडत नाही, तर शतकांचा साठा उघडा पाडतो.

तेव्हा कांदळवन राखले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या आयाबायांच्याही मनात नव्हती. त्यांना कर्ब हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु ज्या बांधापुढे तिवर दाट असते तो बांध उधाणाला टिकतो आणि जिथे तिवर गेले तिथे चिंबोरी गेली, हे त्यांना ठाऊक होते. ओले तिवर तोडायचे नाही, वाळके तेवढे उचलायचे, हा नियम त्यांना कोणत्या अहवालाने शिकवला नव्हता.

अडचण सुरू होते ती शास्त्राचा व्यापार होतो तेव्हा. एक टन कर्बवायू हवेतून कमी केला, किंवा हवेत जाण्यापासून रोखला, की त्याचे एक ‘क्रेडिट’ होते. धूर सोडणारी कंपनी ते विकत घेते आणि आपल्या हिशेबातून तेवढा धूर वजा करते. किनाऱ्यावरच्या दलदली पुन्हा उभ्या करण्याच्या कामाचे क्रेडिट कसे मोजायचे, याची आंतरराष्ट्रीय बाजारातली पद्धत २०१५ साली तयार झाली. त्याच वर्षी पॅरिस करार झाला. २०३० पर्यंत झाडांच्या आणि वनांच्या द्वारे २५० ते ३०० कोटी टन कर्बवायूइतका जादा साठा निर्माण करू, असे भारताने जगाला सांगितले. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कांदळवनांसाठी ‘मिष्टी’ योजना जाहीर झाली. ९ राज्ये आणि ४ केंद्रशासित प्रदेशांत मिळून सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्यात घ्यायचे ठरले. त्याच वर्षी देशांतर्गत कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली, आणि २०२५ साली तिच्यासाठी मान्य झालेल्या पहिल्या काही पद्धतींमध्ये कांदळवन लागवडीचीही पद्धत आहे. देशातले कांदळवन सुमारे ५००० चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे ३०० च्या वर. या चिखलाला आता भाव आला आहे. आणि ज्या वस्तूला भाव येतो, तिच्या मालकीचा प्रश्न उभा राहतो, हा इतिहासाचा अनुभव आहे.

२

आता भाषेकडे वळू. या व्यवहाराचे चार-पाच कळीचे शब्द आहेत. ते तांत्रिक आहेत म्हणून आपण त्यांना हात लावत नाही. परंतु अन्याय पुष्कळदा तांत्रिक शब्दांतच राहायला असतो. सावकाराच्या वहीतले शब्दही तांत्रिकच होते.

पहिला शब्द ‘अधिकता’. प्रकल्प नसता तर हा कर्ब साठला नसता, हे सिद्ध केले तरच क्रेडिट मिळते. व्यापाराच्या दृष्टीने हा नियम बरोबर आहे. आपोआप होणार होते त्याचे पैसे कोणी का द्यावेत? परंतु न्यायाच्या दृष्टीने पाहा. ज्या वाड्याने पिढ्यान्‌पिढ्या तिवर राखले, त्याच्या तिवरात ‘अधिक’ काहीच नाही. ते आधीपासून आहे. म्हणून त्याची किंमत शून्य. ज्याने वीस वर्षे तोडले आणि आता लावायला घेतले, त्याच्या खात्यात मात्र अधिकता जमा होते. या हिशेबात इतिहास प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी सुरू होतो. त्याआधीच्या श्रमाची नोंद नाही. ज्यांच्या श्रमाची नोंद कधीच झाली नाही, त्यांना ही युक्ती नवीन वाटणार नाही.

दुसरा शब्द ‘गळती’. एका जागी तोड बंद केली आणि लोक दुसऱ्या जागी जाऊन तोडू लागले, तर साठवलेल्या कर्बातून तेवढी वजाबाकी करायची. याला गळती म्हणतात. म्हणजे लागवडीला कुंपण पडल्यावर मावशी वाळक्या फांद्यांसाठी पलीकडच्या खाडीत गेल्या, तर त्या हिशेबात गळती होतील. चूल पेटवणारी बाई गळती, आणि समुद्रापलीकडे बसून क्रेडिटवर धूर सोडणारी कंपनी ग्राहक! शब्दांनी माणसांच्या जागा कशा ठरतात, याचे याहून चांगले उदाहरण मी वर्गात देऊ शकणार नाही.

तिसरा शब्द ‘स्थायित्व’. साठवलेला कर्ब कित्येक दशके साठून राहिला पाहिजे. तो राखण्याची जबाबदारी प्रत्यक्षात कोणावर येते? किनाऱ्यावर राहणाऱ्यावर. कंपनीचा धूर आज सुटला, तिचा हिशेब आज मिटला. आमच्या नातवंडांवर मात्र तो चिखल न हलवण्याचे बंधन राहिले. आणि किनारा हा काही बँकेची तिजोरी नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. एका दुपारीत वाड्या, घरे, छपरे कशी गेली ते आम्ही पाहिले आहे. हवेत सोडलेला कर्बवायू शेकडो वर्षे तिथे राहतो. त्याच्या बदल्यात दाखवलेला साठा एका वादळाच्या, एका नव्या बंदराच्या, एका बदललेल्या सरकारी निर्णयाच्या भरवशावर असतो. हा विनिमय समान नाही.

चौथा शब्द ‘पडीक’ किंवा ‘ऱ्हास पावलेली’ जमीन. २०२३ च्या अर्थसंकल्पाच्या भाषणात किनाऱ्यालगत आणि मिठागरांच्या जमिनींवर, शक्य असेल तिथे, कांदळ लावण्याचा उल्लेख होता. मिठागर वरून रिकामे दिसते. खारे पाणी शिरलेले शेतही रिकामेच दिसते. उपग्रहाला तिवर मोजता येते. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत कोण मीठ ओढते, कोण जाळे लावते, कोण बिळात हात घालते, हे त्याला मोजता येत नाही. ज्याचे नाव कागदावर नाही त्याची जागा रिकामी, हे गृहीत धरूनच नकाशा तयार होतो.

आणि पाचवा शब्द, ज्याने मला अडवले तो, ‘समुदाय’. हा शब्द गावाला एकजीव मानतो. भारतातले गाव एकजीव नाही, हे बाबासाहेबांनी घटना समितीत रोखठोक सांगितले होते. गावाला वरची आळी असते आणि बांधाखालचा वाडा असतो. समित्या ‘समुदाया’च्या होतात, अध्यक्ष वरच्या आळीचा होतो आणि वाड्यातल्या दोन बायांची नावे कोरम भरायला लागतात. किनाऱ्याच्या धोरणात ‘समुदाय’ हा शब्द येतो तेव्हा तिथे जात हा शब्द येत नाही. जो शब्द जात बोलू देत नाही तो जात राखतो.

३

या प्रश्नाला आमच्या जिल्ह्यात एक इतिहास आहे. खारपट्ट्यातली शेतजमीन निसर्गाने दिलेली नाही. समुद्राच्या तोंडाशी बांध घालून, उघाडी बसवून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन ती कमावलेली आहे. हे काम कुळांनी केले, मजुरांनी केले. मालकी मात्र खोताची राहिली. पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या खळ्यावर जायचा. या अन्यायाविरुद्ध १९३३ साली चरी गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी जमिनी कसायला नकार दिला आणि १९३९ पर्यंत संप चालवला. डॉ. आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. आगरी कुळे आणि महार मजूर यांना एका प्रश्नावर उभे करणारा हा लढा होता. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली याच कुलाबा जिल्ह्यात झाला होता. पाणी आणि जमीन, दोन्हींचे प्रश्न इथे एकाच माणसाने एका दशकाच्या अंतराने मांडले.

पुढे १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला. काही कुळे मालक झाली. जे कूळ नव्हते, नुसते मजूर होते, ते मजूरच राहिले. आमचे घर त्यांपैकी. सरकारने खारजमिनीसाठी १९४८ साली कायदा केला, १९७९ साली खारभूमी विकास अधिनियम केला. परंतु बांधांची देखभाल हळूहळू सुटत गेली. बांधाला खांड गेली की शेतात भरती येते, आणि भरतीबरोबर तिवराचे बी येते. पाच-सात वर्षांत शेताचे कांदळवन होते. पेण-अलिबागच्या पट्ट्यात असे क्षेत्र थोडेथोडके नाही.

इथे कायद्याची दुसरी बाजू येते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर कांदळवन तोडीला बंदी घातली आणि सरकारी जमिनीवरील कांदळवने संरक्षित वन म्हणून जाहीर करायला सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालय म्हणाले. २०१२ साली राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. हे सर्व आवश्यक होते. हे झाले नसते तर मुंबई-ठाण्याच्या खाड्या भराव घालून केव्हाच संपवल्या असत्या. या निकालांच्या विरोधात मी नाही.

परंतु निकाल खाली झिरपतो तेव्हा तो सगळ्यांवर सारखा पडत नाही. बांध न दुरुस्त करण्याचा दोष शासनाचा, जमीन गेली कुळाची, आणि मजुराचे तर जाण्यासारखे कागदावर काही नव्हतेच. त्याचा बुडालेला रोजगार कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. वाळकी मोळी आणणारी बाई आता घाबरत घाबरत खाडीतून वर येते. दुसरीकडे ९ डिसेंबर २०२२ रोजी याच न्यायालयाने मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी २१,९९७ कांदळवृक्ष तोडायला परवानगी दिली. सार्वजनिक हिताचा प्रकल्प, बदली लागवडीची अट, सर्व कायदेशीर. मावशींच्या मोळीसाठी मात्र अशी परवानगी कोणी मागू शकत नाही. परवानगी मागायला वकील लागतो.

४

निसर्ग राखण्याच्या नावाखाली माणूस हटवण्याची टोकाची पायरी कोणती, हेही दलित इतिहासाला ठाऊक आहे. पूर्व बंगालमधून आलेले, बहुतांश नामशूद्र असलेले निर्वासित दंडकारण्यातून निघून १९७८ साली सुंदरबनातील मरीचझापी बेटावर आले. त्यांनी बांध घातले, मासेमारी सुरू केली, शाळा काढली. बेट राखीव वन आहे, असे पश्चिम बंगालच्या सरकारने सांगितले. १९७९ च्या जानेवारीत बेटाची नाकेबंदी झाली, अन्नपाणी तोडले गेले, गोळीबार झाला, मे महिन्यात वस्ती जाळून लोकांना हुसकावले गेले. किती मेले, यावर आजही एकमत नाही. ते सरकार गरिबांच्या नावाने सत्तेवर आलेले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. तेव्हा कार्बनचा बाजार नव्हता. झाडाला बाजारभाव नसतानाही झाड आणि दलित यांत निवड झाली ती अशी झाली. आता झाडाला भाव आहे.

याच्या उलट उदाहरणही सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. केनियाच्या किनाऱ्यावर गाझी नावाच्या उपसागराकाठी ‘मिकोको पमोजा’ हा प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. स्वाहिली भाषेत या नावाचा अर्थ ‘कांदळवने, सर्वांनी मिळून’ असा होतो. क्षेत्र अवघे ११७ हेक्टर, आणि वर्षाला सुमारे ३००० टन कर्बवायूची क्रेडिट्स विकली जातात. आलेल्या पैशाचे काय करायचे हे गाव ठरवते. त्यातून पिण्याच्या पाण्याची सोय झाली, शाळांना मदत झाली. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा पुरस्कार त्याला मिळाला. कार्बनच्या पैशातून गावाला नळ आला, ही गोष्ट महाडचा वारसा सांगणाऱ्यांना क्षुल्लक वाटू नये. नळ सार्वजनिक असतो. वैयक्तिक लाभार्थ्यांची यादी सरपंच करतो. सार्वजनिक नळाचे पाणी यादी पाहून येत नाही. अर्थात आपल्याकडे नळाचीही आळी ठरू शकते, म्हणून तेवढ्यावर विसंबून चालणार नाही. परंतु धडा स्पष्ट आहे. क्षेत्र लहान असेल, हिशेब गावासमोर असेल आणि पैसा सार्वजनिक कामाला जात असेल, तर हाच व्यवहार निराळा होऊ शकतो.

आपल्या राज्यातही २०१७ साली कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना सुरू झाली. खेकडेपालन, कालवे, शोभिवंत मासे अशा व्यवसायांसाठी गटांना सरकारी अनुदान मिळते, आणि खर्चाचा दहा टक्के वाटा गटाने उचलायचा असतो. योजनेची दिशा योग्य आहे. परंतु ज्या बाईचे आजचे जेवण आजच्या ओहोटीवर आहे, तिच्यासाठी दहा टक्केसुद्धा एक भिंत असते. ती भिंत ज्यांना नाही ते गट आधी होतात, आणि अहवालात ‘समुदाय’ पुढे गेल्याचे दिसते.

५

मग आपण काय म्हणायचे? दोन सोपी उत्तरे उपलब्ध आहेत. एक म्हणजे हा सगळा भांडवलदारांचा डाव आहे, दूर राहा. दुसरे म्हणजे पैसे येत आहेत, सही करा. पहिले उत्तर देणाऱ्याला खाडीत उतरावे लागत नाही आणि दुसरे उत्तर देणाऱ्याला करार वाचावा लागत नाही. मला दोन्ही मान्य नाहीत. धूर सोडण्याचा परवाना म्हणून आमचा चिखल विकला जाऊ नये, ही भूमिका तत्त्वतः मी सोडणार नाही. परंतु कांदळवने लावली जाणारच आहेत, सरकारी पैशाने लावली जातील किंवा कार्बनच्या पैशाने. तेव्हा त्यांच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आजच मांडावा लागेल. झाडे उंच झाल्यावर मांडून उपयोग नाही.

एक हत्यार आपल्या हाताशी आहे, आणि किनाऱ्यावर त्याचा वापर आपण फारसा केलेला नाही. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासींप्रमाणेच ‘इतर पारंपरिक वननिवासीं’नाही लागू होतो. त्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाण्यातील इतर उत्पादनांवरचा हक्क स्पष्टपणे लिहिलेला आहे. कांदळवन वन ठरले असेल, तर वनावरचे हक्कही तिथे आलेच पाहिजेत. अडचण आहे ती पुराव्याची. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण त्या वनावर अवलंबून होतो हे दाखवायचे. म्हणजे १९३० पर्यंत मागे जायचे. चरीचा संपही तेव्हा सुरू झाला नव्हता. १९३० साली माझ्या आजोबांचे नाव कोणत्या कागदावर असेल? फार तर खोताच्या येण्याच्या वहीत. ज्यांना कागदापासून दूर ठेवले त्यांच्याकडेच कागद मागणे, हा कायद्यातला जुना विनोद आहे. तरीही नियमांनी एक दार उघडे ठेवले आहे. एकाहून अधिक पुरावे लागतात, परंतु त्यांत वृद्धांचे लेखी नोंदवलेले जबाब हाही एक पुरावा धरलेला आहे.

इथे शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे, कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. आपण आत्मकथने लिहिली. आपल्या आयांच्या आठवणींना साहित्यात जागा मिळवून दिली. त्याच आठवणी आता जबाब म्हणून लिहाव्या लागतील. कोणत्या खाडीला कोणते नाव, कोणत्या तिथीला कोणत्या बिळात चिंबोरी, कोणता बांध कोणी घातला, कोणत्या साली खांड गेली, हे सगळे तारीखवार, साक्षीदारांसह. वाङ्मयीन मूल्य असो वा नसो, वनहक्क समितीपुढे ते टिकले पाहिजे. माझ्या वर्गातली सात-आठ मुले या कामाला लागली आहेत. त्यांना निबंधापेक्षा हे अवघड जाते, आणि ते अवघड जाते हे मला बरे वाटते.

करारापुरते बोलायचे तर किमान अटी अशा असाव्यात. संमती सातबाराधारकांची नव्हे, तर खाडीवर जगणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाची, आणि बायांची स्वतंत्र सभा घेऊन. करार मराठीत, आणि वादाच्या वेळी मराठी मजकूर प्रमाण. किती टनांचे क्रेडिट, कोणाला, कोणत्या भावाने विकले, याचा फलक ग्रामपंचायतीबरोबर वाड्यावरही. वाळके लाकूड, चिंबोरी, कालवे यांचा हक्क करारातच लिहिलेला. वादळाने साठा गेला तर त्याची भरपाई गावाकडून नाही. पैशाचा पहिला खर्च बांध आणि पाणी यांवर. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि जातीचा भेद न करता ती गावकऱ्यांनी सामूहिकपणे कसावी, अशी मांडणी केली होती. ज्या जमिनीवर रोज दोनदा समुद्र येतो, तिच्यावर खाजगी मालकीचा हट्ट निदान टिकू नये.

शेवटी स्वतःबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या दिवशी पुस्तिका वाचताना मला बरे वाटत होते. इंग्रजी कागद घेऊन मोठी माणसे माझ्या दारात आली, मी दुभाषा झालो, वाडा माझ्याकडे पाहत राहिला. पूर्वी खोताच्या पायरीवर एक कारकून बसायचा. तो कागद वाचायचा आणि कुळे अंगठा द्यायची. शिकलेल्या पहिल्या पिढीने त्या पायरीवर जाऊन बसायचे ठरवले, तर तिला जागा मिळेल, मानही मिळेल. मावशींनी प्रश्न विचारला नसता तर मीही नकळत तिथे बसलो असतो. म्हणून हा लेख कोणा संस्थेविरुद्ध लिहिण्याआधी माझ्याविरुद्ध लिहावा लागला.

संस्थेची माणसे पावसाळ्यानंतर पुन्हा आली. आम्ही त्यांना दोन पाने दिली. वरच्या अटी त्यांत आहेत, आणि शेवटी खाडीत उतरणाऱ्या एकेचाळीस बायांची नावे आहेत, प्रत्येकीच्या पूर्ण नावाने. ‘स्थानिक समुदाय’ हा शब्द जिथे जिथे आहे तिथे ही यादी जोडावी, असे आम्ही म्हटले. विचार करून कळवतो, असे ते म्हणाले. यादीत पहिले नाव मावशींचे आहे. उत्तर अजून आलेले नाही.